करडईचा काटा आणि बीपीचा काटा

ऑफिसच्या पँट्रीमध्ये हल्ली दोन विषय हमखास निघतात. एक घराचे हप्ते, दुसरा बीपी. पूर्वी हा दुसरा विषय रिटायर झालेल्या काकांच्या कट्ट्यावरचा होता. आता तिशीतली मंडळीही "वरचं १४०, खालचं ९२" असं क्रिकेटचा स्कोअर सांगितल्यासारखं सांगतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत भारतातल्या प्रौढांमध्ये रक्तदाबाचं प्रमाण ३५ टक्क्यांच्या वर निघालं. म्हणजे दहा जणांच्या टीममध्ये सरासरी तीन-चार जण. टीम तरुण असेल तर थोडे कमी धरा, पण अगदी शून्य धरू नका.

आणि मग कोणीतरी सल्ला देतोच. "तेल बदल रे." "फिश ऑइलची कॅप्सूल चालू कर." "जवस खा." सल्ला फुकट असतो, त्यामुळे तो तपासायच्या भानगडीत कोणी पडत नाही. मी ठरवलं की एका वीकेंडला याचा इतिहासच काढायचा. तेल आणि बीपी यांचं नातं पहिल्यांदा कोणी जोडलं, कशावरून जोडलं, आणि ते टिकलं का? वीकेंड एक ठरला होता, लागले तीन. पण गोष्ट मस्त आहे, आणि तिच्यात आपली करडई अगदी अनपेक्षित ठिकाणी भेटते. तर मंडळी, चहा घेऊन बसा.

आधी थोडं केमिस्ट्री (घाबरू नका)

कुठलंही तेल किंवा तूप म्हणजे मुख्यतः मेदाम्लं. मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची लांब साखळी. साखळीत सगळीकडे एकेरी बंध असले की ते संपृक्त, म्हणजे सॅच्युरेटेड. तूप, लोणी आणि खोबरेल तेलात यांचा भरणा, म्हणून ते थंडीत गोठतात. साखळीत एक दुहेरी बंध असला की मोनो, आणि दोन किंवा जास्त असले की पॉली-अनसॅच्युरेटेड, थोडक्यात 'पुफा'. दुहेरी बंधापाशी साखळीला बाक येतो, त्यामुळे रेणू एकमेकांना चिकटून नीट रचले जात नाहीत आणि तेल पातळ राहतं.

पुफामध्ये दोन घराणी आहेत. ओमेगा-६ घराण्याचं मूळ पुरुष लिनोलेइक आम्ल: १८ कार्बन, दोन दुहेरी बंध. करडई, सूर्यफूल, मका आणि सोयाबीनच्या तेलात हे भरपूर. पारंपरिक करडईच्या तेलात तर सुमारे तीन चतुर्थांश हेच. दुसरं घराणं ओमेगा-३. जवस आणि अक्रोडात त्यातलं छोटं भावंड असतं, आणि समुद्रातल्या तेलकट माशांत, म्हणजे आपल्या बांगडा-तारलीसारख्या, मोठी भावंडं असतात: ईपीए (२० कार्बन, पाच दुहेरी बंध) आणि डीएचए (२२ कार्बन, सहा दुहेरी बंध). छोट्याचं मोठ्यात रूपांतर आपलं शरीर करतं, पण फार कंजूषपणे.

बास, एवढं पुरे. आता गोष्ट.

दोन 'इसेन्शियल'

१९२० च्या दशकापर्यंत स्निग्ध पदार्थांकडे नुसतं इंधन म्हणून पाहिलं जायचं. जीवनसत्त्वं मिळाली तर बाकी चरबी नसली तरी चालेल, पिठापासून शरीर ती बनवून घेईल, असा समज होता. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर या नवरा-बायकोनी उंदरांना अगदी चरबीमुक्त खाणं दिलं. काही महिन्यांत उंदरांची वाढ थांबली, त्वचेवर खवले आले, शेपटीची टोकं झडायला लागली, मूत्रपिंडं खराब झाली. त्यांचा पहिला पेपर १९२९ चा. १९३० मध्ये त्यांनी दाखवलं की लिनोलेइक आम्लाचे थोडे थेंब दिले की उंदीर सुधारतात. शरीराला हे आम्ल स्वतः बनवता येत नाही, बाहेरून घ्यावंच लागतं. म्हणून नाव पडलं 'इसेन्शियल फॅटी अॅसिड'. अत्यावश्यक.

गंमत अशी की त्याच काळात वैद्यकात आणखी एक 'इसेन्शियल' होतं: इसेन्शियल हायपरटेन्शन. कारण सापडत नाही असा वाढलेला रक्तदाब. या नावामागे एक समजूतही होती. धमन्या कडक झाल्या की त्यातून रक्त ढकलायला जास्त दाब लागणारच, म्हणजे तो शरीराची गरज आहे, उगाच खाली आणायला जाऊ नका! डॉक्टर आजही हा शब्द वापरतात, समजूत मात्र गेली.

ती जायला वेळ लागला, आणि त्याची किंमत मोठी होती. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब १९४४ मध्ये १८६/१०८ नोंदला गेला होता. दुसऱ्या महायुद्धाचे निर्णय घेणारा माणूस, जगातले उत्तम डॉक्टर दिमतीला, पण हातात धड औषधच नाही. १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्या दिवशी दाब मोजला तो ३००/१९० होता. आज कुठल्याही तालुक्याच्या मेडिकलमध्ये काही रुपयांना मिळणारी गोळी तेव्हा पैसे टाकूनही मिळत नव्हती. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण "गोळ्या नकोत, नैसर्गिक काहीतरी सांगा" म्हणणाऱ्यांना हा इतिहास माहीत नसतो.

गोळ्यांचा खरा पुरावा आला १९६७ मध्ये. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्राइस यांच्या गटाने १४३ पुरुषांवर चाचणी केली. खालचा दाब ११५ ते १२९ असलेले हे लोक. निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसती साखरेची गोळी. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी लवकर आवरती घ्यावी लागली. १९७० मध्ये ३८० जणांवरच्या पुढच्या भागात ९० ते ११४ वाल्यांनाही फायदा दिसला. म्हणजे दाब उतरवणं उपयोगाचं, हे ठरलं. पण तेव्हाच्या औषधांचे दुष्परिणाम त्रासदायक होते, आणि सौम्य बीपीवाले तर लाखोंनी. मग प्रश्न आला: हे ताटातून जमेल का?

स्वीडनमधला धागा

इथे लिनोलेइक आम्ल पुन्हा कथेत येतं, आणि तेही फार विचित्र वाटेने. १९३० च्या दशकात स्वीडनमध्ये उल्फ फॉन ऑयलर यांना दिसलं की पुरुषाच्या वीर्यात असा काही पदार्थ आहे ज्याने प्राण्यांचा रक्तदाब उतरतो आणि काही स्नायू आकुंचन पावतात. तो प्रोस्टेट ग्रंथीतून येतो असं वाटून त्यांनी १९३५ मध्ये नाव दिलं प्रोस्टाग्लँडिन. (बहुतेक भाग प्रत्यक्षात दुसऱ्याच ग्रंथीतून येतो, पण एकदा व्हेरिएबलला चुकीचं नाव पडलं की ते कोडमध्ये कायमचं राहतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.)

हा पदार्थ इतका कमी सापडायचा की त्याची रचना कळायला १९६० चं दशक उजाडलं. ते काम सुने बर्गस्ट्रॉम यांनी केलं. मग १९६४ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की शरीर प्रोस्टाग्लँडिन बनवतं ते अॅराकिडोनिक आम्लापासून, आणि ते बनतं लिनोलेइक आम्लापासून. एक गट बर्गस्ट्रॉम यांचा. दुसरा हॉलंडमधल्या युनिलिव्हरच्या प्रयोगशाळेतला, डेव्हिड व्हान डॉर्प यांचा. युनिलिव्हर म्हणजे मार्गरीन विकणारी कंपनी, तिला वनस्पती तेलात रस असणारच!

पुढे १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवलं की अॅस्पिरिन प्रोस्टाग्लँडिन बनणंच थांबवतं. १९७६ मध्ये त्यांच्याच गटाने प्रोस्टासायक्लिन शोधलं, जे रक्तवाहिन्या रुंदावतं. १९८२ चं नोबेल बर्गस्ट्रॉम, सॅम्युएलसन आणि व्हेन यांना मिळालं. आणखी एक दुवा जुळत होता: अंगदुखीच्या बऱ्याच गोळ्या प्रोस्टाग्लँडिन अडवतात, आणि त्याच गोळ्यांनी काही लोकांचं बीपी वाढतं.

आता साखळी बघा. करडईचं तेल खा, लिनोलेइक वाढेल. त्यातून अॅराकिडोनिक, त्यातून प्रोस्टाग्लँडिन, त्याने रक्तवाहिन्या रुंद होतील, मूत्रपिंड मीठ बाहेर टाकेल, बीपी उतरेल. व्हाइटबोर्डवर काढलं तर किती देखणा फ्लोचार्ट! प्रत्येक बाण नोबेल दर्जाचा. रिव्ह्यूमध्ये कोणी हात वर करणार नाही.

फिनलंडची ५७ जोडपी

फ्लोचार्ट तपासायची जागा मिळाली फिनलंडमध्ये. रशियाच्या सीमेला लागून नॉर्थ कॅरेलिया नावाचा प्रांत आहे. जंगलतोड करणारे, दूधदुभतं पिकवणारे कष्टाळू लोक. पण १९६० च्या दशकात इथल्या पुरुषांमध्ये हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जगात सर्वात जास्त गणलं जायचं. पावावर लोण्याचा जाड थर, दूध मलईचं, भाज्या नावाला, आणि मीठ भरपूर. लोकांनीच १९७१ मध्ये सरकारकडे अर्ज केला की आमचं काहीतरी करा. १९७२ मध्ये प्रकल्प सुरू झाला आणि प्रमुख नेमले गेले पेक्का पुस्का, वय पंचविशीच्या जरासं पुढे. आपल्याकडे त्या वयात माणूस सीनियर इंजिनियर झाला तरी पेढे वाटतो.

१९८३ मध्ये पुस्का, अमेरिकेच्या कृषी खात्याचे जेम्स आयाकोनो आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक प्रयोग छापला. ५७ जोडपी, वय ३० ते ५०. जोडपी का? कारण स्वयंपाक एकाच चुलीवर होतो. नवऱ्याचं खाणं बदलायचं आणि बायकोचं नाही, हे घरात चालत नाही. तीन गट केले. पहिल्या गटाने एकूण चरबी कमी केली आणि लोण्याच्या जागी वनस्पती तेल आणलं, त्यामुळे पुफा आणि संपृक्त यांचं गुणोत्तर पाव भागाच्या आसपासून जवळजवळ एकावर गेलं. दुसऱ्या गटाने मीठ निम्म्याहून कमी केलं. तिसरा गट होता तसाच राहिला.

सहा आठवड्यांनी पहिल्या गटाचा सरासरी दाब १३८/८९ वरून १३०/८१ च्या आसपास आला. म्हणजे वरचा जवळजवळ नऊ मिलिमीटरने खाली. एका गोळीइतका परिणाम! मीठ कमी करणाऱ्या गटात फारसं काही दिसलं नाही. नंतर लोकांना जुन्या खाण्यावर सोडलं, तर दाब पुन्हा चढला. ऑन केलं की उतरतो, ऑफ केलं की चढतो. यापेक्षा स्वच्छ डेमो काय हवा?

एका रिलीजमध्ये किती बदल?

पण थांबा. पहिल्या गटाने नक्की काय बदललं होतं? पुफा वाढलं, हे खरं. पण संपृक्त चरबी घटली, एकूण चरबी घटली, आणि त्या जागी दुसरं खाणं आलं. एकाच रिलीजमध्ये चार बदल टाकले आणि सर्व्हर फास्ट झाला, तर श्रेय कुठल्या बदलाला द्यायचं? उत्तर एकच. एकेक बदल वेगळा करून पाहा.

ते १९८० च्या दशकात लोकांनी केलं. ऑस्ट्रेलियात बॅरी मार्गेट्स आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये पुफा-संपृक्त प्रमाण बदलून पाहिलं, दाब हलला नाही. अमेरिकेत फ्रँक सॅक्स यांनी १९८७ मध्ये सौम्य बीपीच्या रुग्णांना आळीपाळीने वेगवेगळ्या चरबीचं आणि कर्बोदकांचं खाणं दिलं, आणि तिथेही दाबात दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. बाकी सगळं तेच ठेवून नुसतं तेल बदललं की काटा जागेवरच.

मग त्या देखण्या फ्लोचार्टचं काय झालं? बाण सगळे खरे होते. पण मधल्या एका पायरीवर शरीराने थ्रॉटलिंग लावलेलं आहे. लिनोलेइक आम्ल दुप्पट खाल्लं म्हणून पेशींमधलं अॅराकिडोनिक दुप्पट होत नाही, ते फारसं हलतच नाही. शरीर हवं तेवढंच बनवतं. उंदरांमध्ये फरक दिसला होता कारण त्यांच्याकडे साठा शून्यावर आणला होता. रोज भाजीत दोन पळ्या तेल असणाऱ्या माणसाची टाकी आधीच भरलेली. भरलेल्या टाकीत आणखी ओतून दाब बदलत नाही.

मला या सगळ्या गोष्टीत हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. "शरीरात हे कसं घडतं" याचं स्पष्टीकरण कितीही पटणारं असलं तरी तो पुरावा नाही. पुरावा म्हणजे मोजणी. कॅप्सूलच्या डब्यावर आपल्याला छापून मिळतो तो नेहमी फ्लोचार्ट.

ग्रीनलंडची कुत्र्यांची गाडी

दुसरं घराणं, म्हणजे ओमेगा-३, याची गोष्ट जास्त नाट्यमय आहे. १९७० मध्ये हान्स ओलाफ बँग आणि यॉर्न डायरबर्ग हे दोन डॅनिश डॉक्टर ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर उमानाक भागात गेले. कुत्र्यांच्या गाड्या, बर्फ, आणि १३० इन्युइट लोकांचे रक्ताचे नमुने. हे लोक सील आणि व्हेलची चरबी मनसोक्त खायचे, तरी त्यांना हृदयविकार कमी, असं मानलं जायचं. रक्तात सापडलं भरपूर ईपीए. इंग्लंडचे ह्यू सिंक्लेअर यांनी तर १९७९ मध्ये स्वतः शंभर दिवस सील आणि मासे खाऊन पाहिले. त्यांचा रक्तस्राव थांबायला लागणारा वेळ तीन मिनिटांवरून पन्नास मिनिटांच्या आसपास गेला. विज्ञानासाठी लोक काय काय करतात!

या गोष्टीलाही नंतर तडे गेले. २०१४ मध्ये कॅनडातल्या जॉर्ज फोडोर यांच्या गटाने जुन्या नोंदी पाहून दाखवलं की इन्युइटांना हृदयविकार कमी हा मुद्दाच कच्च्या आकड्यांवर उभा होता, आणि पक्षाघाताचं प्रमाण तर त्यांच्यात जास्तच होतं. २०१५ मध्ये 'सायन्स'मधल्या अभ्यासाने सांगितलं की इन्युइटांमध्ये मेदाम्लं हाताळणारी जनुकंच वेगळी निवडली गेली आहेत. म्हणजे त्यांचं हार्डवेअर वेगळं, त्यांचं सॉफ्टवेअर आपल्यावर तसंच चालेल असं नाही.

पण बीपीच्या बाबतीत फिश ऑइलने थोडी लाज राखली. १९८९ मध्ये हॉवर्ड नॅप आणि गॅरेट फिट्झजेराल्ड यांनी सौम्य बीपीच्या ३२ पुरुषांवर प्रयोग केला. आठ-आठचे चार गट. एकाला रोज १० मिलि फिश ऑइल, दुसऱ्याला ५० मिलि, तिसऱ्याला ५० मिलि करडईचं तेल, चौथ्याला अमेरिकन आहारातल्यासारखं तेलांचं मिश्रण. (बघा, आली की नाही आपली करडई!) महिन्याभराने फक्त ५० मिलि फिश ऑइलवाल्यांचा दाब उतरला, वरचा ६.५ ने आणि खालचा ४.४ ने. १० मिलिवाल्यांचा नाही. करडईवाल्यांचाही नाही.

पुढच्याच वर्षी, १९९० मध्ये, नॉर्वेच्या ट्रॉम्सो शहरात १५६ जणांवर दहा आठवड्यांची चाचणी झाली. रोज सहा ग्रॅम तीव्र फिश ऑइल, आणि तुलनेला मक्याचं तेल. वरचा दाब सुमारे साडेचार मिमीने उतरला. पण जे लोक आधीच आठवड्यातून तीन किंवा जास्त वेळा मासे खात होते, त्यांच्यात काहीच फरक नाही. पुन्हा तेच: भरलेली टाकी.

२०२२ मध्ये ७१ चाचण्या आणि जवळजवळ पाच हजार लोक एकत्र मोजून निघालेलं उत्तर असं: रोज दोन ते तीन ग्रॅम ईपीए-डीएचए घेतलं तर वरचा दाब सरासरी अडीच मिमीच्या आसपास उतरतो, ज्यांचं बीपी आधीच वाढलेलं आहे त्यांच्यात जरा जास्त. आता हिशोब करा. दुकानात मिळणाऱ्या साध्या १००० मिग्रॅच्या कॅप्सूलमध्ये ईपीए-डीएचए मिळून साधारण ३०० मिग्रॅ असतं. दोन-तीन ग्रॅमसाठी रोज सात ते दहा कॅप्सूल! आपण घेतो एक, तीही आठवण राहिली तर. शिवाय मोठ्या डोसने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका थोडा वाढतो, हे गेल्या काही वर्षांतल्या मोठ्या चाचण्यांत दिसलंय. म्हणजे हेही 'घेतलं तर काय बिघडतं' गटातलं नाही.

जवसाचा उल्लेख केला नाही तर आई रागावेल. २०१३ मध्ये कॅनडात पायाच्या धमन्यांचा आजार असलेल्या ११० जणांवर चाचणी झाली. सहा महिने रोज ३० ग्रॅम दळलेलं जवस. वरच्या दाबात सुमारे दहा मिमीचा फरक आला, जो खरोखर मोठा आहे. पण जवसात ओमेगा-३ बरोबर तंतू असतात, लिग्नान असतात. पुन्हा एका रिलीजमध्ये अनेक बदल. आणि चाचणी छोटी. चटणी मात्र जरूर खा, मीठ बेतानं घालून.

करडईची परीक्षा

'करडई म्हणजे हृदयाची मैत्रीण' हे आपण जाहिरातींत पाहत आलोय. तिची सर्वात कठोर परीक्षा झाली सिडनीत. १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकाराचा झटका किंवा तसा त्रास होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांना दोन गटांत वाटलं. एका गटाने लोण्या-चरबीच्या जागी करडईचं तेल आणि करडईचं मार्गरीन खायचं. कोलेस्टेरॉल उतरलं. आणि मृत्यू? करडईच्या गटात १७.६ टक्के, दुसऱ्या गटात ११.८ टक्के.

हा पूर्ण डेटा तेव्हा नीट मांडला गेला नाही. तो जुन्या मॅग्नेटिक टेपवर पडून होता. ख्रिस्तोफर रॅम्सडेन यांच्या गटाने तो वाचून काढला आणि २०१३ मध्ये छापला. तसंच मिनेसोटातल्या नऊ हजारांहून जास्त लोकांवरच्या मक्याच्या तेलाच्या चाचणीचं (१९६८ ते १९७३), तिची सविस्तर आकडेवारी संशोधकाच्या घराच्या तळघरात सापडली आणि २०१६ मध्ये बाहेर आली. तिथेही कोलेस्टेरॉल उतरलं, मृत्यू नाही. बॅकअप ठेवा, आणि चाळीस वर्षांनी कोणीतरी तो वाचेल अशा बेताने ठेवा.

म्हणून करडई विष ठरली का? अजिबात नाही. मार्गरीनमध्ये तेव्हा ट्रान्स फॅट असण्याची दाट शक्यता होती, चाचणी लहान होती, आणि नंतर लाखो लोकांच्या पाहणीत रक्तात लिनोलेइक जास्त असलेल्यांना हृदयविकार कमीच दिसला आहे. संपृक्त चरबीच्या जागी वनस्पती तेल घ्या हा सल्ला बहुतेक तज्ज्ञ आजही देतात. पण तो हृदयविकारासाठी, कोलेस्टेरॉलच्या वाटेने. बीपीची गोळी म्हणून नाही. दोन वेगळ्या टिकेट एकात मिसळू नयेत.

करडईची आणखी एक गंमत सांगतो. सोलापूर-मराठवाड्याकडे शाळूच्या शेताभोवती करडई लावायचे, कारण तिला काटे, गुरं आत शिरत नाहीत. कुंपण तर कुंपण, तेल तर तेल, कोवळी असताना पानांची भाजी. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचा संकरित वाणही काढला. पण काढणीचा त्रास, मिळणारा भाव, आणि आयात पाम, सोयाबीन, सूर्यफुलाचा लोंढा, यात पेरा खूपच घटला. आणि भारतातून गेलेल्या करडईच्या एका बियाण्यात उलटाच प्रकार सापडला: लिनोलेइक कमी, आणि ऑलिव्ह तेलातलं ओलेइक भरपूर. त्यावरून कॅलिफोर्नियात नोल्स यांनी 'यूसी-१' हा वाण १९६६ मध्ये आणला. म्हणजे बाटलीवर नुसतं 'करडई' लिहून भागत नाही. एकाच नावाची दोन पूर्ण वेगळी तेलं आहेत. लेबल वाचा.

मग बीपी उतरतं कशाने?

फिनलंडच्या जोडप्यांचं गूढ १९९७ मध्ये बरंचसं सुटलं. अमेरिकेत 'डॅश' नावाची चाचणी झाली, ४५९ लोक. संशोधकांनी एक पदार्थ शोधायचा नादच सोडला आणि अख्खं ताट बदललं. भाज्या, फळं, कमी चरबीचं दूध-दही, कडधान्य, सुकामेवा जास्त, संपृक्त चरबी कमी. मीठ आणि वजन मुद्दाम तेच ठेवलं. ज्यांचं बीपी वाढलेलं होतं त्यांचा वरचा दाब तुलनेच्या गटापेक्षा ११ मिमीहून जास्त उतरला. २००१ च्या पुढच्या चाचणीत मीठही कमी केलं, तर आणखी उतरला. २००५ मधल्या 'ऑम्नीहार्ट' चाचणीत याच ताटातल्या थोड्या कर्बोदकांच्या जागी असंपृक्त चरबी घातली, तीही बहुतेक मोनो, तेव्हा बीपीवाल्यांना आणखी तीन मिमीच्या आसपास फायदा झाला. म्हणजे तेलाला भूमिका आहे, पण सहकलाकाराची.

कॅरेलियातही खरा विजय तेलाच्या डब्याचा नव्हताच. मीठ, लोणी, सिगारेट, भाज्या, रक्तदाबाची तपासणी, औषधं, सगळं एकत्र बदललं, गावोगाव, वर्षानुवर्षं. काम करण्याच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू पुढच्या चाळीस वर्षांत ८० टक्क्यांहून जास्त घटले. कुठल्याही कॅप्सूलच्या डब्यावर असा आकडा छापता येणार नाही.

दोन-तीन मिमी हा आकडा एका माणसासाठी किरकोळ असतो. मशीनवर लागोपाठ दोनदा मोजलं तरी तेवढा फरक येतो. म्हणूनच "मी महिनाभर कॅप्सूल घेतली आणि माझं उतरलं" या अनुभवावरून काहीच सिद्ध होत नाही. बहुतेक वेळा ते नुसतं दुसऱ्यांदा मोजलेलं असतं.

पँट्रीतल्या सल्ल्यात खरा धोका कुठे आहे? तेल बदललं म्हणून नुकसान होत नाही. तेल बदललं, आता गोळी कशाला, असं मनात आलं की होतं. वाढलेला दाब दुखत नाही, बोलत नाही, स्लॅकवर पिंग करत नाही. रूझवेल्टना जी गोळी मिळाली नाही ती आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात आहे. बांगडा खा, जवसाची चटणी खा, करडईची भाजी मिळाली तर सोडू नका. पापड, लोणचं, वेफर्स आणि इन्स्टंट नूडल्सकडे जरा संशयाने पाहा. गोळी कमी करायची की नाही ते डॉक्टरांना ठरवू द्या, तेलाच्या डब्याला नको.

आणि तुमचं बीपी शेवटचं कधी मोजलं होतं ते आठवत नसेल, तर सोमवारी मोजून घ्या. पाच मिनिटं शांत बसून, चहा आणि स्टँडअप मीटिंग या दोन्हींच्या आधी.